पंखातली वायरिंग: नळीतून न्यावी की फासळ्यांना बांधावी?

घरी बांधलेल्या विमानात एव्हियॉनिक्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांची, खरी गर्दी पॅनेलमागे असते. तिथे नळी वापरावी की नाही हा प्रश्न फारसा येत नाही, कारण वायरींच्या जुड्या उघड्याच राहतात. प्रश्न पडतो तो पंखात. एकदा खालचा पत्रा रिव्हेट झाला की आत हात जाईल अशा जागा दोन-चारच उरतात, म्हणून हा निर्णय पत्रा लावण्याआधीच घ्यावा लागतो.

माझ्याकडे दोन्ही पद्धती एकाच विमानात आल्या. ओहायोत मी आरव्ही-९ए या दोन आसनी विमानाचे अर्धवट झालेले किट विकत घेतले, तेव्हा त्याचा डावा पंख आधीच्या मालकाने पुरा केलेला होता आणि त्यातल्या सगळ्या वायरी पन्हळीदार प्लास्टिकच्या नळीतून नेलेल्या होत्या. उजवा पंख मी बांधला. त्यात प्रत्येक फासळीच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारी मऊ कडी, बसवून आणि रबरी अस्तराच्या अ‍ॅडेल क्लॅम्पने आधार देऊन जुडी उघडीच नेली. वायर दोन्हीकडे टेफझेल या इन्सुलेशनचीच असल्यामुळे फरक पडला तो केवळ वाटेचा.

नळीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. काम झपाट्याने होते, फासळीच्या धारेपासून संरक्षण आपोआप मिळते आणि कोणती उपकरणे घ्यायची हे ठरलेले नसतानाही पंख बंद करता येतो. ज्याचे पॅनेल अजून कागदावरच आहे त्याला हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा वाटेल, आणि ते रास्तही आहे. मात्र प्लास्टिकच्या नळीने रेडिओतली खरखर थांबेल असे कोणी समजू नये. त्यासाठी पीळ दिलेली किंवा शिल्डेड, म्हणजे धातूचे आवरण असलेली, वायरच लागते.

उघड्या जुडीचा तोटा म्हणजे वेळ. अ‍ॅडेल क्लॅम्पची दोन तोंडे चिमट्यात दाबून धरायची, स्क्रू आरपार घालायचा आणि पलीकडे बोटांच्या टोकांनी नट चढवायचा, हे पत्रा उघडा असतानाही कष्टाचे आहे. एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेप्रमाणे दोन आधारांमध्ये २४ इंचांहून जास्त अंतर नसावे आणि मध्ये हलकेच दाबल्यावर जुडी अर्ध्या इंचाहून जास्त खाली जाऊ नये. ही अर्ध्या इंचाची परीक्षा मला बोटानेच घेता येते, त्यासाठी वेगळे साधन लागत नाही.

माझा कौल ठरला तो पिटो हीटरमुळे. पिटो म्हणजे वेग मोजण्यासाठी हवेचा दाब घेणारा पंखाखालचा भाग; हीटर त्यावर बर्फ साचू देत नाही. दोन वर्षे उडवल्यानंतर मी डाव्या पंखातल्या पिटोला हीटर जोडायचे ठरवले. नळीत ओढदोरा, म्हणजे नवी वायर ओढून नेण्यासाठीचा दोरा, ठेवलेला होता, त्यामुळे जाड वायर तासाभरात जाईल असा माझा अंदाज होता. पण दोन वर्षांच्या कंपनांत तो दोरा जुन्या वायरींभोवती गुंडाळला गेला होता. नवी वायर जेमतेम दीड फूट आत गेली आणि अडकली. शेवटी सगळ्याच वायरी बाहेर काढाव्या लागल्या, तेव्हा दोऱ्याला इन्सुलेशनचा पांढरा भुगा चिकटलेला दिसला आणि लँडिंग लाइटच्या वायरवर दोन ठिकाणी करवतीसारख्या खाचा पडलेल्या होत्या. आतली तार उघडी पडली नव्हती, एवढेच समाधान.

दिवस वाया गेल्याचे मला फारसे वाटले नाही. पण दर बारा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीच्या नोंदीवर सही मीच करतो, आणि दोनदा ती सही केली तेव्हा त्या नळीतले मला काहीच दिसलेले नव्हते, ही गोष्ट मनातून जाईना. उजव्या पंखात तपासणीची झाकणे काढून आरसा आणि टॉर्च आत धरला, की त्या जागेतला प्रत्येक क्लॅम्प आणि ग्रोमेट दिसतो.

हा अनुभव एकाच विमानातला आहे. नळी प्रशस्त असती, म्हणजे त्याच पुस्तिकेत सुचवल्याप्रमाणे जुडीच्या जाडीपेक्षा सुमारे पाव पटीने मोठी असती, तर कदाचित इतका त्रास झाला नसता. ज्यांना नळीच वापरायची आहे त्यांनी तेवढी जागा अवश्य ठेवावी, सर्वात खालच्या बिंदूला पाणी निघायला भोक पाडावे, आणि जिथे नळी कापून वायर बाहेर काढली असेल तिथली धार झाकावी. खाचांपैकी एक मला नेमकी अशाच कापलेल्या तोंडाशी सापडली.

जुडी बांधायला मी मेण लावलेला दोरा वापरतो. झिप टाय लवकर लागतो हे खरे, पण त्याचे कापलेले टोक मनगट ओरबाडते आणि नवी वायर घालताना तो कापावा लागतो, तेव्हा कटरचे पाते इन्सुलेशनच्या अगदी जवळून जाते. दोऱ्याची गाठ चपटी बसते आणि शेजारच्या वायरीला घासत नाही.

पुढे वायर वाढवता येण्याची नळीची सोय मात्र मला उजव्या पंखातही हवी होती. म्हणून मी जुडीतच २२ गेजच्या दोन जादा वायरी टोके झाकून आणि दोन्हीकडे चिठ्ठ्या लावून टाकल्या. हीटरच्या वेळी डाव्या पंखातल्या वायरी नव्याने घातल्या तेव्हा तिथेही तसेच केले. हीटर चालू असल्याचा दिवा पॅनेलवर घ्यायचे गेल्या हिवाळ्यात ठरले, तेव्हा त्यातलीच एक वायर कामी आली आणि नवी काही ओढावी लागली नाही.