टॉनिक मारलं अन् मधमाश्या मेल्या

सेंद्रिय म्हणून विकत घेतलेलं टॉनिक कोबीवर मारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माळव्यात, म्हणजे भाजीच्या रानात गेले, तर कडेच्या मोहरीखाली मधमाश्या पडलेल्या. पंचवीस-तीस तरी असतील. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून पाय झाडत होत्या. कोबीवरची अळी टाळण्यासाठी मी वाफ्याच्या कडेनं मोहरी लावते, अळी आधी मोहरीवर जाते म्हणून. मोहरी फुलात होती. कोबीच्या पानावरची अळीही मेली होती, एकूण एक. आणि खरं सांगते, त्या सकाळी मला मधमाश्यांचं वाईट वाटण्याआधी अळी गेल्याचा आनंद झाला. दशपर्णी, म्हणजे झाडपाल्याचा घरगुती अर्क मारून आठ-आठ दिवस त्या अळीशी झुंजणारी मी, एका रात्रीत वाफा साफ झालेला बघून हरखले.

आदल्या दिवशी ते टॉनिक मी बादलीत हातानं ढवळलं होतं. सेंद्रिय आहे म्हटल्यावर तोंडाला फडकं बांधलं नाही, हातात मोजे घातले नाहीत. रात्री गालाला आणि ओठांना मुंग्या आल्या, कोणी खाजकुयली चोळल्यागत. यजमान म्हणाले, दिवसभराचं ऊन बाधलं असेल. आठवडाभरानं त्याच वाफ्यातले दोन गड्डे काढून घरी भाजी केली. आमची सून तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. "घरचा कोबी हाय, पोटभर खा," असं म्हणून मी तिच्या ताटात वाढलं. पैसे गेले त्याचं दुःख मी कधीतरी विसरेन, हे वाढलेलं ताट विसरणार नाही.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, राकसकोपच्या वाटेवर. तांबडी माती, मुबलक पाऊस. पावसाळ्यात भात आणि रताळी, मागून बटाटा आणि माळवं. आमच्या भागातली रताळी उपवासाला पुण्या-मुंबईपर्यंत जातात आणि भाजी रोज चोर्ल्याच्या घाटानं गोव्यात उतरते. सहा वर्षांपूर्वी बटाट्यावर फवारताना यजमान बांधावर चक्कर येऊन पडले. दवाखान्यात दोन दिवस काढले, आणि घरी येताना रिक्षातच ठरवलं की आता आपल्या रानात रासायनिक औषध नको. दोन गायी होत्याच. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असं जीवामृत, म्हणजे घरचं पातळ खत करायला शिकलो. पहिल्या वर्षी पीक निम्म्यावर आलं, चौथ्या वर्षी गाडी रुळावर आली. गावातली आणखी काही घरंही हळूहळू याच वाटेला लागली. अडचण एकच होती. मार्केट यार्डात आमची रताळी आणि शेजारच्या रानातली रताळी एकाच ढिगात, एकाच भावानं जात.

नेमक्या या अडचणीवर बोट ठेवून तो माणूस आला. पल्याडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. मे महिन्यात, देवळाच्या मंडपात, पंधरा-वीस माणसं जमवून बसला. बोलायला गोड. बायकांना काकू, वयस्कांना मामा. "काकू, तुमी निस्तं पिकवा, विकायचं आमच्यावर सोडा."

इथं एक गोष्ट मला मोकळेपणानं लिहायची आहे, कारण सीमाभागातल्या माणसालाच ती नीट कळेल. आमच्याकडं जमिनीचा उतारा कन्नडात, सोसायटीची नोटीस कन्नडात, अनुदानाचा अर्ज कन्नडात. कचेरीत गेलं की दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. अशात कोणी आपल्या भाषेत, आपल्या देवळात बसून, आपल्या कामाचं काही सांगू लागला की माणूस निम्मा तिथंच विरघळतो. शेजारचे आण्णा म्हणाले, "आपलाच माणूस हाय की, फसवंल कशाला?" मीही मान डोलावली. त्यानं पुढं केलेला करार मात्र इंग्रजीत होता. तो त्यानं आम्हाला "मराठीत वाचून दाखवला". क्विंटलला ३,५०० रुपये, म्हणजे यार्डाच्या दीडपट भाव, आणि सगळा माल घेणारच, असं त्यानं वाचलं. कागदावर काय होतं ते सुनेनं नंतर वाचलं: गुणवत्ता आणि मागणी बघून कंपनीला वाटल्यास माल घेतला जाईल. तिला आधी दाखवायचं आम्हाला सुचलं नाही. ती तेव्हा आत चहा करत होती.

चौदा घरांनी प्रमाणपत्रासाठी प्रत्येकी ५,५०० रुपये दिले. त्याशिवाय एकरी १६,००० रुपयांचं "किट" सक्तीचं: गांडूळखत, निंबोळी पेंड आणि ते टॉनिक. किट घेतलं नाही तर प्रमाणपत्र रद्द होईल, असा दम. एकवीस एकरांचे ३,३६,००० आणि प्रमाणपत्रांचे ७७,०००, मिळून ४,१३,००० रुपये. मोबाइलवरून पाठवलेले पैसे कंपनीच्या खात्यावर गेलेच नाहीत, कुणा एका व्यक्तीच्या नावावर गेले. पाठवताना पडद्यावर ते नाव आमच्या डोळ्यांसमोर होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "अकाउंटंट बाई हायत त्या."

वीस दिवसांत प्रमाणपत्रं आली. सोनेरी कडा, हिरवं पान, लॅमिनेशन, आणि वर ठळक अक्षरात "लाइफटाइम". आम्ही ती देवघराशेजारी लावली.

आता मला जे कळतं ते तेव्हा कळायला हवं होतं. निर्यातीसाठीही चालणारं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली मिळतं. हा कार्यक्रम २००१ पासून चालू आहे आणि शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी अपेडा ही सरकारी संस्था तो बघते. रासायनिक खतं-औषधं वापरलेल्या रानाला त्यात आधी रूपांतराचा काळ काढावा लागतो, हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, फळझाडांसारख्या बहुवार्षिक पिकांना तीन. गट असेल तर प्रत्येक शेतकऱ्याची नोंदवही लागते, गटाची स्वतःची तपासणी लागते आणि त्यावर बाहेरचा निरीक्षक येतो. जे प्रमाणपत्र मिळतं त्याला स्कोप सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर नंबर असतो, पिकांची नावं असतात, मुदत असते आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं. शिवाय माल विकताना त्या-त्या मालाचं वेगळं व्यवहार प्रमाणपत्र निघतं. आमच्या चौदापैकी निम्म्या घरांनी आदल्या वर्षापर्यंत युरिया टाकलेला. कोणी बांधावर पाऊल ठेवलं नाही, एक वही मागितली नाही. वीस दिवसांत, आजन्म, सगळ्यांना सारखं.

आणि जे ऐकून मी त्या रात्री जेवले नाही ते हे: देशातल्या बाजारासाठी पीजीएस-इंडिया नावाची सरकारी पद्धत आहे. त्यात गावातले किमान पाच शेतकरी मिळून गट करतात आणि एकमेकांची रानं तपासून एकमेकांची हमी घेतात. मधे एजंट लागत नाही, हजारो रुपये लागत नाहीत. रूपांतराच्या काळात "पीजीएस-ग्रीन" आणि नंतर पूर्ण सेंद्रिय. चार वर्षं जीवामृतावर शेती करणारी पाच घरं आमच्या गावात आधीच होती. जे आम्हाला आमच्या कष्टावर मिळालं असतं, त्याच्या जागी आम्ही खोटा कागद विकत घेतला. त्याच्या जोडीनं आलेल्या डब्यानं आमचं चार वर्षांचं स्वच्छ रान बाटवलं.

डब्यात काय होतं ते गोव्यामुळं कळलं. म्हापशाकडच्या एक बाई सेंद्रिय भाजीचं दुकान चालवतात. ऑक्टोबरात त्यांना कोबी आणि रताळ्यांचा नमुना दिला, प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्कोप सर्टिफिकेटचा नंबर कुठे आहे यावर?" नंतर त्यांनी स्वतःच्या खर्चानं कोबी तपासून घेतला. अहवालात सायपरमेथ्रिन निघालं. ते रासायनिक कीटकनाशक आहे, झटक्यात काम करतं, मधमाश्यांना फार घातक असतं, आणि कातडीला लागलं की मुंग्या येतात. अहवाल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मोहरीखालच्या मधमाश्या आल्या, माझे गाल आले आणि सुनेचं ताट आलं. त्या बाई फोनवर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमचा माल मी घेऊ शकत नाही." ते ऐकणं रागावण्यापेक्षा कठीण होतं. नातू सुखरूप झाला, धडधाकट आहे. तरी त्याला बघायला आलेल्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात ही गोष्ट सांगत होते.

रताळ्यांचं थोडक्यात सांगते. "यार्डात घालू नका, ट्रक येतोय," असं म्हणत त्यानं नोव्हेंबर घालवला, डिसेंबर घालवला. जमिनीत ठेवलेल्या रताळ्यात सोंडकिडा शिरला. संक्रांतीला त्याचा फोन बंद झाला. मिळेल त्या भावाला माल घातला.

पोत्यांकडं तेव्हा बघितलं. गांडूळखताच्या पोत्यावर उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नाही. चांगलं गांडूळखत काळपट, चहाच्या भुकटीसारखं, दुर्गंधी नसलेलं. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात त्याचा ओलावा १५ ते २५ टक्के आणि सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के ठरवून दिलेला आहे. आमच्या पोत्यातली मूठभर काचेच्या पेल्यात पाण्यात टाकली, तर तळाला दोन बोटं गाळ आणि वाळू बसली. तळ्याचा गाळ वाळवून चाळलेला होता, दुसरं काही नाही. निंबोळी पेंड जिभेला लावली तर कडूच लागेना. टॉनिकच्या डब्यावर फक्त "१०० टक्के ऑरगॅनिक". कायदेशीर कीटकनाशकावर, मग ते कडुनिंबाचं का असेना, १९६८ च्या कायद्याप्रमाणं नोंदणी क्रमांक असतो आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो. आमच्या डब्यावर दोन्ही नव्हतं. टॉनिक म्हटलं की ही नोंदणी चुकवता येते, म्हणून ते टॉनिक. आणि टॉनिकसुद्धा आता मोकाट राहिलेलं नाही, पिकाची वाढ सुधारणारी अशी द्रव्यं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत. रात्रीत अळी मारणारं कुठलंही "सेंद्रिय" औषध हाती आलं तर आधी संशय घ्या. कडुनिंब अळीची भूक मारतं, वाढ अडवतं, त्याला दिवस लागतात.

तक्रारीला गेलो तेव्हा सीमा आडवी आली. इकडं सांगितलं, करार पल्याडच्या पत्त्याचा आहे, तिकडं जा. तिकडं सांगितलं, माल तुमच्या गावात उतरला, तुमचं राज्य वेगळं. दोन फेऱ्यांत महिना गेला. त्याला हे ठाऊक असणार, म्हणूनच त्यानं सीमेच्या अल्याडचं गाव निवडलं असं मला आता वाटतं. वाट दाखवली ती कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातल्या एका अधिकाऱ्यानं. कन्नड माणूस. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी तासभर समजावलं, सुनेनं मधेमधे कन्नडात विचारलं. या माणसाकडं आपल्या राज्यात खत विकायचा परवानाच नाही, हे त्यांनी पाच मिनिटांत बघून सांगितलं. आम्ही मे महिन्यात त्यांच्याकडं गेलो असतो तर तीच पाच मिनिटं पुरली असती.

ग्राहक आयोगाचंही तेव्हाच कळलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, समोरचा कुठल्या राज्यातला आहे याला अडून राहावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आमच्यातल्या नऊ घरांनी सह्या केल्या. पाच घरं लाजेनं मागं राहिली, त्यांना मी दोष देत नाही. पैसे पाठवल्याच्या नोंदी, कराराची प्रत, एक बंद डबा आणि दोन न फोडलेली पोती जपून ठेवली होती म्हणून तक्रारीला काही आधार आहे. फोनवर ठरलेलं बोलणं मात्र हवेत गेलं.

प्रमाणपत्रं भिंतीवरून काढली. पाच घरांचा पीजीएसचा गट आता सुरू केला आहे, माझ्या दोन एकरांच्या रूपांतराची गणती पहिल्यापासून धरली. ते टॉनिक माझ्याच हातानं पडलं आहे, त्यामुळं चार वर्षं झाली होती असं म्हणायचा मला हक्क नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात खानापूरकडच्या माझ्या भाचीचा फोन आला. त्यांच्या देवळात एक माणूस बसून गेला म्हणे, बायकांना काकू म्हणणारा, गोव्यातल्या भावाच्या गोष्टी सांगणारा, आणि येत्या रविवारी पैसे घ्यायला येणार आहे. तोच आहे की दुसरा, मला माहीत नाही. मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. त्याच्याकडं स्कोप सर्टिफिकेटचा नंबर मागा, खत विकायचा कर्नाटकातला परवाना मागा, आणि करार घरातल्या शिकलेल्या पोरीच्या हातात द्या. ती वाचून होईपर्यंत कुणीही खिशात हात घालू नका.