आईचा व्हॉल्व्ह आणि मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आईला माइट्रल स्टेनोसिस आहे. लहानपणी आलेल्या र्‍हुमॅटिक तापाने हृदयाचा व्हॉल्व्ह आखडत गेला, आणि पन्नाशीनंतर चिपळूणच्या घराचा जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा ते उघडकीला आलं. टू-डी इकोत व्हॉल्व्हचं तोंड एक चौरस सेंटिमीटरपेक्षाही लहान निघालं. निरोगी माणसाचं चार ते सहा असतं. शिरेतून फुगा नेऊन ते उघडायचं ठरलं. खासगीतला आकडा ऐकून आम्ही मुंबईकडे पाहिलं.

केईएम, सायन, नायर महापालिकेची, जे.जे. राज्य सरकारचं. हृदयरोगाचा विभाग या चारही मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत आहे. नातेवाइकांचे सल्ले मात्र नावलौकिकावरून. जे.जे. 1845 पासूनचं, म्हणून तिथे जा. केईएमला अठराशेच्या वर खाटा, म्हणून तिथे. सायनला 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, याचा मला मनापासून आदर आहे, पण त्यावरून व्हॉल्व्हचा निर्णय कसा घेणार? हॉस्पिटलची नव्हे, विभागाची तुलना करा, हे मी आता कुणालाही ठामपणे सांगेन. आम्ही विचारलं ते एवढंच: फुग्याने व्हॉल्व्ह उघडायचं काम इथे नेहमी होतं का? मध्येच काही बिघडलं तर ओपन हार्ट करणारे सर्जन त्याच आवारात आहेत का? आणि कुठल्या युनिटची, म्हणजे विभागातल्या डॉक्टरांच्या गटाची, ओपीडी कुठल्या वारी?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरला. या हॉस्पिटलांत पेशंट युनिटचा असतो. ज्या युनिटच्या ओपीडीत पहिला केस पेपर निघतो, त्याच युनिटकडे पुढचं सगळं जातं, आणि त्यांचा वार चुकला की आठवडा गेला. कोकणातून येणाऱ्या माणसाला हे आधी कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

आम्ही कुठे गेलो ते लिहीत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचं आहे. काम उत्तम झालं. आधी घशातून नळी घालून केलेल्या इकोत हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी नाही याची खात्री केली, मगच तारीख दिली. महात्मा फुले योजनेत बसवण्यासाठी आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार तपासून कागद मार्गी लावले. राऊंडला प्रोफेसर, मागे रेसिडेंट, त्यामागे विद्यार्थी. आईच्या छातीवर एकामागून एक स्टेथोस्कोप टेकत होते. तिला अवघडल्यासारखं झालं, पण त्याच गर्दीतल्या एका मुलीने नाडी अनियमित असल्याचं पहिल्यांदा सांगितलं. इतके डोळे खासगीत मिळाले नसते.

त्रास नंतर झाला. अनियमित नाडीमुळे आईला अॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू आहे आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवावा लागतो. ओपीडीत दर वेळी नवा रेसिडेंट. जुने आकडे कुणाकडे एकत्र नाहीत, आणि एकदा तर डोस वाढवायचा की कमी करायचा यावर दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळाली. तेव्हा मी खूप चिडलो होतो. आता एका वहीत तारीख, आयएनआर आणि डोस लिहितो. रेसिडेंट कुणीही असो, वहीवर नजर टाकून लगेच निर्णय देतो. रक्ततपासणी चिपळूणलाच होते, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या खूप कमी झाल्या.

राहायला आई माझ्याकडे डोंबिवलीला येते. केईएमसाठी परळ, तर तिथे फास्ट लोकल थांबत नाही, नायरसाठी मुंबई सेंट्रल म्हणजे गाडी बदलणं आलं; दम लागणाऱ्या माणसासोबत हेही मोजा.

एकदाच्या ऑपरेशनसाठी लांबचं हॉस्पिटल चालेल. वर्षानुवर्षं औषध आणि तपासणी लागणार असेल, तर गावाजवळचा एखादा फिजिशियन आधी गाठून ठेवा आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत त्याच्याकडे द्या. आईचा पुढचा इको त्याच युनिटमध्ये करणार आहोत. वडिलांच्या गुडघ्यासाठी मात्र तिथेच जाऊ असं नाही; हाडांच्या विभागाची चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आहे.