ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात डेस्कटॉपच्या जागी गेमिंग लॅपटॉप : दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

डेस्कटॉपच्या जागी ठेवण्यासाठीच बनवलेला हा १६ इंची गेमिंग लॅपटॉप मी गेल्या दिवाळीच्या सुमारास घेतला. थंडी, उन्हाळा आणि बहुतेक पावसाळा त्याच्यासोबत काढल्यावर आता त्याच्याविषयी ठामपणे लिहिता येईल असे वाटते. आत इंटेलचा २४ कोरचा आय-९ १४९००एचएक्स प्रोसेसर, एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०८० लॅपटॉप ग्राफिक्स, ३२ जीबी रॅम आणि सोबत ३३० वॅटचा अडॅप्टर आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण पुढे लिहिलेल्या तडजोडी या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात थोड्याफार फरकाने आढळतात. दिवसा मी ब्लेंडरमध्ये इमारतींची त्रिमितीय चित्रे करतो आणि रात्री खेळतो, त्यामुळे यंत्राला पूर्ण ताकदीने चालण्याची वेळ रोजच येते.

घरीच काम करणाऱ्याने सरळ डेस्कटॉप का घेऊ नये, असे मला अनेकांनी विचारले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आमचे घर जुने, दुमजली आहे. थंडीत वरची खोली कामाला उत्तम, पण मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गच्चीखालच्या त्या खोलीत दुपारी माणूसही बसू शकत नाही. मग सगळे बिऱ्हाड खालच्या कूलरच्या खोलीत येते. ऋतूप्रमाणे मजला बदलणाऱ्या घरात उचलून नेता येणारे यंत्र हवे होते, आणि तेवढ्यापुरता हा लॅपटॉप पुरेसा हलका आहे. तीन किलोच्या आसपासचे त्याचे वजन आणि वर एक किलोहून जड अडॅप्टर रोज पाठीवर वाहण्याजोगे मात्र नाही.

पहिली तडजोड खरेदीच्या आधीच समजून घ्यायला हवी. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०८० मध्ये ९७२८ क्यूडा कोर (ग्राफिक्स चिपमधले गणना करणारे छोटे घटक), १६ जीबी मेमरी आणि ३२० वॅटची मर्यादा आहे; लॅपटॉपच्या ४०८० मध्ये ७४२४ कोर, १२ जीबी मेमरी आणि जास्तीत जास्त १५० वॅट, त्यात डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून ग्राफिक्सकडे वळवलेले, २५ वॅट धरले तरी १७५. या दोन मुळातच वेगळ्या चिप आहेत. खेळताना हा फरक मला फारसा जाणवत नाही, कारण २५६० बाय १६०० च्या पडद्यावर मला हव्या त्या गतीने बहुतेक खेळ चालतात. कामात मात्र १२ जीबीची मर्यादा खरोखर बोचते. झाडे, गवत आणि मोठे टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) असलेला बंगल्याचा देखावा ग्राफिक्स मेमरीत मावला नाही की रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार होणे, एकदम मंदावतो, आणि मग टेक्स्चर लहान करत बसावे लागते. ज्यांचा रेंडरिंग हाच मुख्य व्यवसाय आहे त्यांनी कोरच्या संख्येआधी मेमरीचा आकडा पाहावा.

आता उष्णतेविषयी, कारण या यंत्राची बाकी सगळी रचना तिच्याच भोवती ठरलेली आहे. चिपमधून हवेत जाणारी उष्णता ढोबळमानाने चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. चिपला ९५ अंशांपर्यंत जाऊ द्यायचे असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७० अंशांचा असतो आणि ४० अंशांच्या खोलीत ५५ अंशांचा. म्हणजे तेच पंखे, चिपची उष्णता पसरवणारा तोच व्हेपर चेंबर आणि तीच जाळी पहिल्या खोलीत २०० वॅट बाहेर टाकत असतील, तर दुसऱ्या खोलीत साधारण १५७ वॅटच टाकू शकतील. वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्याकडे मे महिन्यात का जुळत नाहीत, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. जानेवारीत वरच्या खोलीत बसून मी हाच लॅपटॉप पूर्ण वॅटवर तासन्‌तास चालवला तेव्हा त्याने कुठेही हात आखडता घेतला नाही. मेच्या दुपारी तोच खेळ सुरू केल्यावर थोड्याच वेळात प्रोसेसरची गती खाली यायला लागली.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय म्हणजे वॅटची मर्यादा स्वतः ठरवणे. या प्रोसेसरची मूळ मर्यादा ५५ वॅट आणि टर्बोची १५७ वॅट आहे, पण खेळांत भार मुख्यतः ग्राफिक्सवर असल्यामुळे प्रोसेसरला ६५ वॅटवर रोखले तरी फ्रेममध्ये मला सहज ओळखता येईल असा फरक पडला नाही. ग्राफिक्सलाही उन्हाळ्यात मी १२० वॅटच्या आसपास ठेवतो. शेवटच्या तीस-चाळीस वॅटमधून गती अगदी थोडी मिळते आणि उष्णता मात्र पूर्ण मिळते, म्हणून ते सोडून द्यायला मला जराही वाईट वाटत नाही. तीव्र उन्हाळ्याच्या गावात राहणाऱ्याने सर्वांत वरची चिप बारीक देहात घेण्यापेक्षा एक पायरी खालची चिप जाड देहात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत याच अनुभवातून झाले आहे. जाडी वाढली की पंख्याची पाती मोठी होतात, जाळीचे क्षेत्रफळ वाढते, आणि तेवढीच हवा कमी आवाजात सरकते. जाहिरातीत सुंदर दिसणारा बारीकपणा टेबलावरून क्वचितच हलणाऱ्या यंत्राच्या काहीच कामाचा नसतो.

कूलरची गोष्ट इथल्या प्रत्येकाला लागू पडेल. लू वाहते तेव्हा हवा इतकी कोरडी असते की खसचा कूलर खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो आणि लॅपटॉपलाही त्याचा पूर्ण फायदा मिळतो. फक्त कूलरचा झोत थेट यंत्रावर घेऊ नये, कारण बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार जिथे सुकतात तिथे पांढरा थर राहतो. जुलैत हवा दमट झाली की कूलर थंडावा देत नाही, नुसता ओलावा वाढवतो. तेव्हा साधा पंखा आणि उघडी खिडकीच बरी. धूळ हा आणखी मोठा शत्रू. आंधी येऊन गेली की तळाच्या जाळीवर पिठासारखी पिवळसर साय धरलेली दिसते आणि ती न काढता खेळले तर पंख्यांचा सूर ऐकूनच फरक कळतो. साफ करताना पात्याला बोटाने अडवून धरावे, नाहीतर ब्लोअरच्या झोताने पाते मर्यादेबाहेर फिरून बेअरिंगला इजा होऊ शकते.

आवाजाबद्दल लांबण लावत नाही. पूर्ण ताकदीवर तो मोठा आहे, बंद दारापलीकडे आईला ऐकू जातो, आणि हेडफोनशिवाय खेळता येत नाही.

गरम हवेच्या वाटा कुठे काढल्या आहेत याकडे मात्र दुकानात कोणी पाहत नाही आणि नंतर रोज तेच भोगावे लागते. या यंत्रात मागे दोन मोठ्या वाटा आहेत, पण उजव्या बाजूलाही एक आहे, आणि माऊस धरलेल्या बोटांवर तिची झळ सतत लागते. मागच्या वाटांसाठी बिजागर पुढे घेऊन त्यामागे एक कट्टा सोडला आहे, त्यामुळे पडदा डोळ्यांच्या थोडा जवळ येतो आणि यंत्र टेबलावर जास्त जागा खाते. बदल्यात अडॅप्टर, एचडीएमआय आणि नेटवर्कच्या तारा मागून जातात व हाताखाली काही येत नाही. हा सौदा मला पटला. उजवीकडचा अंकांचा कीपॅड मला पटला नाही, कारण त्यामुळे टंकायची जागा डावीकडे सरकते आणि पडद्याच्या मध्याशी हात जुळत नाहीत.

बॅटरी ९९ वॅट-तासांची आहे. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्यामुळे याहून मोठी कोणी बसवतच नाही. मक्स स्विच, म्हणजे पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते ठरवणारी सोय, वापरून पडदा सरळ एनव्हिडियाच्या मोठ्या ग्राफिक्सला जोडला की खेळ सुधारतात, पण बॅटरी झपाट्याने उतरते. लेखन-वाचनासाठी प्रोसेसरमधल्या अंतर्गत ग्राफिक्सवर आणून उजेड कमी केला तर चार-पाच तास निघतात. बॅटरीवर खेळायची अपेक्षाच ठेवू नये, कारण तिच्यातून एवढे वॅट ओढता येत नाहीत आणि ग्राफिक्स आपोआप दबते. घरात मी चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखून ठेवतो, कारण सतत पूर्ण भरलेली आणि सतत तापलेली बॅटरी लवकर जाते. वीज गेली तर रेंडर बंद पडत नाही, ही डेस्कटॉपकडे नसलेली मोठी सोय आहे. अडॅप्टरची पिन तीन काड्यांची आहे आणि तिला खरे अर्थिंग मिळालेच पाहिजे. आमच्या वरच्या खोलीतल्या जुन्या सॉकेटवर धातूच्या झाकणाला मनगट लागले की झिणझिण्या यायच्या, त्या वीजतंत्रीकडून अर्थिंगची तार ओढून घेतल्यावरच थांबल्या.

आत रॅमच्या दोन आणि एसएसडीच्या दोन जागा मोकळेपणाने हाताळता येतात, प्रोसेसर व ग्राफिक्स मात्र कायमचे जोडलेले आहेत. म्हणून ३२ जीबी रॅमवर सुरुवात करून पुढे वाढवायला हरकत नाही. ग्राफिक्सच्या मेमरीचा निर्णय मात्र पहिल्याच दिवशी पक्का करावा लागतो. शिवाय खरेदीआधी सेवा केंद्राला दोन प्रश्न विचारावेत : तळाचे झाकण स्वतः उघडल्यास हमी कायम राहते का, आणि पंखे सुटे मिळतात का. आपल्या धुळीत पहिला झिजणारा भाग पंखाच असतो, आणि तो मदरबोर्डसोबतच बदलावा लागणार असेल तर त्या यंत्राचा विचार सोडून द्यावा.