युगांडाला सेवेसाठी निघाले होते, २,१०,८०० रुपये गेले. नर्स भगिनींनो, जरूर वाचा

आधी आकडा सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. दोन लाख दहा हजार आठशे. रजिस्ट्रेशन ४,५००, प्रोग्रॅम फी ६५,०००, मेडिकल आणि यलो फीवरच्या (डासांमुळे होणारा ताप) लसीचं पॅकेज १८,५००, पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नसल्याचा दाखला) आणि कागदपत्रांचं अटेस्टेशन १२,८००, आणि सगळ्यात शेवटी "रिफंडेबल" इमिग्रेशन बॉण्ड १,१०,०००. मिळाला का रिफंड? हा प्रश्न कृपा करून आता कोणी विचारू नका.

मी मिरजेची, रिटायर्ड नर्स. उभं आयुष्य वॉर्डात आणि लेबर रूममध्ये गेलं. मुलं मार्गी लागली, आमच्या दोघांची पेन्शन चालू आहे, गुडघे अजून साथ देतायत, तर सहा महिने कुठंतरी बाहेर जाऊन सेवा करावी ही इच्छा जुनीच होती. आमचं मिरज मिशनच्या दवाखान्यानं नावारूपाला आलेलं गाव, बाहेर देशातून डॉक्टर-नर्स येऊन इथं आयुष्य घालवून गेले, तर आपण उलट्या दिशेनं का जाऊ नये असं वाटायचं. यात हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही, पण पोलीस स्टेशनला हसले. ते पुढं सांगते.

फेसबुकवर जाहिरात दिसली, युगांडात जिंजाजवळ माता-बाल केंद्र, अनुभवी नर्स पाहिजेत, राहणं-जेवण त्यांचं. फोन केला तर समोरचा माणूस शुद्ध मराठीत बोलणारा, "ताई" म्हणणारा. जिंजाला नाईलच्या उगमापाशी गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली विसर्जित केला होता आणि तिथं त्यांचा अर्धपुतळा आहे, ही माहिती त्यानंच दिली, फोटोही पाठवला. मी शोधून बघितलं तर गोष्ट खरी निघाली. हे लोक असंच करतात, आजूबाजूचं सगळं खरं सांगतात. गाव खरं, नदी खरी, मुंबईहून युगांडाच्या एंटेबी विमानतळाला डायरेक्ट विमान सुरू झाल्याचं खरं, फक्त केंद्र तेवढं खोटं.

आता म्हणाल व्हॉलंटियरला कसली आली फी. आमच्या जाऊबाईंनी हे चारचौघांत ऐकवलं. तर ऐका, बाहेर देशात सेवेला पाठवणाऱ्या कितीतरी खऱ्या संस्था सुद्धा प्रोग्रॅम फी घेतात, राहण्या-जेवणाचे, ट्रेनिंगचे म्हणून, त्यामुळे ६५,००० ऐकून मी दचकले नाही आणि माझ्या जागी माहितगार माणूसही दचकला नसता. युनायटेड नेशन्सचा स्वतःचा व्हॉलंटियर कार्यक्रम आहे, ऑफिस जर्मनीत बॉनला, तिथं अर्ज करायला एक पैसा लागत नाही, उलट ते राहणीखर्चाला भत्ता देतात, पण तिथं निवड होणं सोपं नाही आणि हे चोर नेमके निवड न झालेल्या लोकांनाच शोधतात.

आता तो यलो फीवरचा विषय, ज्याच्यामुळे मला रात्री झोप लागत नाही.

युगांडात यलो फीवरच्या सर्टिफिकेटशिवाय घेत नाहीत, आणि तिकडून येताना ते नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन करून ठेवतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, सरकारी केंद्रात तीनेकशे रुपयांत काम होतं, पण त्यासाठी मला महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन मुंबई गाठावी लागणार होती. तो म्हणाला ताई कशाला त्रास घेता, आमचा ग्रुप आहे, मुंबईला निघायच्या वेळी सगळ्यांना एकत्र लस देऊ, सर्टिफिकेट आधीच बनवून ठेवतो. आणि व्हॉट्सअपवर पीडीएफ आली. पिवळं कार्ड, माझं नाव, पासपोर्ट नंबर, बॅच नंबर, शिक्का, सगळं. दंडात सुई गेलेली नाही आणि बॅच नंबर लिहिलेला! ज्या बाईनं हजारो लसी टोचल्या, प्रत्येकीचा बॅच नंबर रजिस्टरला चढवला, तिच्या हातात हा कागद आला.

आणि मला दिसलं नाही असं नाही हो. दिसलं. लसीची तारीख आणि सर्टिफिकेट लागू व्हायची तारीख एकच होती, आणि संपायची तारीख दहा वर्षांनंतरची. यलो फीवरचं सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दहा वर्षांची अट गेली. मी फोन करून त्याला हे सांगितलं. झापलं म्हणा ना. तो म्हणाला, "ताई तुम्ही तर एक्स्पर्ट आहात, सिस्टिमनं जुना फॉरमॅट उचलला, लगेच पाठवतो," आणि दहा मिनिटांत दुरुस्त करून पाठवलं. आणि मला काय वाटलं माहितीये? किती तत्पर लोक आहेत! मी चोराला त्याच्या बनावट कागदाचं प्रूफ तपासून दिलं, आणि माझ्यानंतर ज्यांना ते कार्ड गेलं असेल त्यांना ते निर्दोष गेलं असेल, माझ्या कृपेनं.

माझी बाजू पण सांगते. सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला विचारा, कागद आधी आणि काम नंतर हे तिथं रोजचंच. ऑडिट आलं की मागच्या तारखा पडतात. त्यामुळे डोळ्यांना सवय झालेली असते. आमचे हे म्हणाले होते की जरा थांब, पण ते टीव्ही घ्यायचा म्हणलं तरी जरा थांबच म्हणतात.

लस न टोचता व्हॉट्सअपवर आलेली पीडीएफ म्हणजे कार्ड नव्हे, छापील कार्डावर हातानं केलेली सही आणि केंद्राचा शिक्का पाहिजे.

पोलीस क्लिअरन्सचं पण तेच. पासपोर्ट सेवाच्या साइटवर ५०० रुपये भरायचे, अपॉइंटमेंटला स्वतः जायचं, गरज पडली तर पोलीस व्हेरिफिकेशन होतं. तुमच्या वतीनं परस्पर कोणी आणून देतो म्हणाला की तिथंच फोन ठेवा. युगांडाचा टुरिस्ट ई-व्हिसा ५० डॉलरला त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतःला काढता येतो, पण टुरिस्ट व्हिसावर पेशंटला हात लावायचा नसतो. त्यांच्या नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलची नोंदणी लागते, फुकट काम केलं तरी. तो म्हणाला होता व्हॉलंटियरला लागत नाही.

उघड कसं झालं, तर तिकिटाचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकला, सापडेना. त्याच संध्याकाळी "करन्सी क्लिअरन्स" म्हणून आणखी ४५,००० मागितले. मी म्हणलं आधी तिकीट दाखव. नंबर बंद. व्हॉट्सअप ग्रुपवर चाळीसेक "व्हॉलंटियर" होते, रोज गुड मॉर्निंग, पॅकिंगचे फोटो, त्यातल्या नाशिकच्या एक ताई तेवढ्या खऱ्या निघाल्या. त्यांचे १,७५,००० गेलेत आणि त्यांनी अजून घरी सांगितलेलं नाही.

माझ्या घरी लपवायची सोयच नव्हती. महिला मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता, चौकात फ्लेक्स लागला होता. आता मंडईत गेलं की "कधी आलात परत?" म्हणून विचारतात.

मग पोलीस स्टेशन. तिथला माणूस सगळं ऐकून म्हणतो, "मॅडम, सेवाच करायची तर इथं पेशंट कमी आहेत का?" आणि शेजारचा हसला. तक्रार घ्यायची सोडून मला समाजसेवेवर लेक्चर. मग म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना, ओटीपी तुम्हीच टाकला ना, आणि खातं परराज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. अहो, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झीरो एफआयआर कलम १७३ मध्ये लिहून ठेवलाय, हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावीच लागते, हे मला आमच्या गल्लीतल्या वकील पोरीनं सांगितलं आणि मी त्यांना सांगितलं, तर तोंड असं केलं की मीच गुन्हा केलाय. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ (४) लावा म्हणून लेखी दिलं तेव्हा कुठं पोच मिळाली.

बँकेत गेले तर कस्टमरनं स्वतः केलेला व्यवहार, आमची जबाबदारी नाही. मॅनेजर चांगला माझ्या मुलाच्या वयाचा, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एका सरकारी ऑफिसात परदेशी पाठवणाऱ्या एजंटांची तक्रार घेतात म्हणून मुंबईला गेले, तर तिथलं उत्तर ऐका, तुम्हाला पगार नव्हता म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या १९८३ च्या कायद्यात तुम्ही बसत नाही. गंमत बघा, आखाती देशात नोकरीला जाणाऱ्या माणसाकडून रजिस्टर्ड एजंटनं ३०,००० अधिक जीएसटीच्या वर घ्यायचं नाही असा नियम आहे, एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. फुकट राबायला निघालेल्या माणसाला कोणी वाली नाही. पगार मागितला असता तर निदान रांगेत उभं राहता आलं असतं.

पैसे गेल्याचं कळल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात, मग बाकीचं. मी आधी त्या माणसाला फोन लावत बसले, ती रात्र गेली. तरी एका खात्यात माझे २३,४०० होल्ड झालेत. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणून मला सांगितलं. वकिलाची फी १५,०००. हिशेब तुम्हीच करा. गल्लीतल्या पोरीनं फी घेणार नाही म्हणून सांगितलंय म्हणून अर्ज केलाय, नाहीतर सोडूनच दिले असते.

स्क्रीनशॉट डिलीट करू नका, ग्रुप सोडू नका, ग्रुप सोडला तर आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. पैसे मागणारं खातं संस्थेच्या नावावर आहे का बघा, माझी पाचही पेमेंट वेगवेगळ्या माणसांच्या नावावर गेली आणि दर वेळी त्याला उत्तर तयार असायचं, ट्रस्टी आहेत, अकाउंटंट आहेत, मेडिकल पार्टनर आहेत.

ज्या कोणाला जिंजाच्या नावानं पिवळं कार्ड पीडीएफवर आलं असेल त्यांनी लाज बाजूला ठेवून तक्रार नोंदवा आणि पोच नंबर जपून ठेवा. तपास अधिकारी म्हणाले त्याच खात्यावर आणखी तक्रारी आल्या तर सगळ्या एकत्र जोडता येतील. नाशिकच्या ताईंना मी रोज फोन करतेय, त्या उद्या जाते म्हणतात.