किनोसाकी ओन्सेन येथील र्‍योकानमधला मुक्काम

जपानमधील क्योतोहून थेट रेल्वेगाडीने सुमारे अडीच तासांवर असलेल्या किनोसाकी ओन्सेन या गरम झऱ्यांच्या गावी पारंपरिक जपानी पांथनिवासात, म्हणजेच र्‍योकानमध्ये राहण्याचे खरे मोल, माझ्या मते, खोलीइतकेच गावातही आहे. येथील सार्वजनिक स्नानगृहांचा प्रवेश मुक्कामी पाहुण्यांना निवासातूनच विनामूल्य मिळतो आणि युकाता हा सुती झगा व गेता या लाकडी खडावा घालून, नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडांखालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जाणारे लोक पाहिले की परकेपणा उरत नाही. स्त्रीपुरुषांची स्नाने स्वतंत्र असली तरी ती विवस्त्रच करावी लागतात आणि कुंडात उतरण्यापूर्वी बसून अंग स्वच्छ धुणे बंधनकारक असते. हा संकोच पहिल्या काही मिनिटांतच ओसरतो.

भाडे सहसा माणशी आकारले जाते व त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. हिवाळ्यात खेकड्याची मेजवानी अप्रतिम असते. मात्र शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच सविस्तर लिहून कळवावे, कारण भाज्यांच्या रस्स्यातही बहुधा माशाचा अर्क असतो. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, घातलेली गादी मला अतिशय सुखाची वाटली. गुडघेदुखी असणाऱ्यांनी पलंगाची खोली मागावी.