आधी ट्रुमन की जॉन्सन? अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची चरित्रं आणि त्यांच्या मुलखातली बिअर

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं एकच चरित्र वाचायचं असेल, तर डेव्हिड मॅक्कलोंचं ‘ट्रुमन’ घ्या आणि सोबत कॅन्सस सिटीची बुलेव्हार्ड व्हीट ही बिअर. रॉबर्ट कारोंचं लिंडन जॉन्सन-चरित्र त्याहून थोर आहे, हे माहीत असूनही मी हेच सांगेन.

‘ट्रुमन’ (१९९२) हजार पानांच्या वर जातं, पण कुठे अडखळत नाही. मिसुरीतला शेतकरी, पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा कॅप्टन, मग कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान. ते १९२२ मध्ये बुडालं आणि कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वारले तेव्हा ट्रुमन यांना उपराष्ट्राध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. अणुबाँबची सविस्तर माहिती त्यांना त्यानंतर मिळाली. मॅक्कलोंचा आपल्या नायकावर फार जीव आहे. कॅन्सस सिटीचा राजकीय बॉस टॉम पेंडरगास्ट याच्या भ्रष्ट यंत्रणेशी ट्रुमन यांचे असलेले संबंध आणि अणुबाँबचा निर्णय, या दोन ठिकाणी त्यांनी अधिक कठोर व्हायला हवं होतं.

दारूबंदीतही पेंडरगास्टच्या कॅन्सस सिटीत दारू उघडपणे मिळायची. बुलेव्हार्ड ही त्याच शहरातली, १९८९ ची ब्रुअरी. तिची अनफिल्टर्ड व्हीट गव्हाची, गढूळ, ४.४ टक्के अल्कोहोलची. बाटली बरीचशी ओतून घ्या, उरलेली हलकेच गोल फिरवा, तळाचा यीस्टचा गाळ वर आला की तोही ग्लासात जाऊ द्या. लिंबाच्या सालीचा वास येतो आणि चव भरते. याच ब्रुअरीची टँक ७ जास्त गुंतागुंतीची आणि मला जास्त आवडणारी, पण ती ८.५ टक्के आहे. ती पुस्तक मिटल्यावरच घ्यावी.

मॅक्कलोंचंच ‘जॉन ॲडम्स’ (२००१) आटोपशीर आहे. त्याचा प्राण जॉन आणि ॲबिगेल या नवरा-बायकोच्या पत्रांत आहे; अकराशेहून जास्त पत्रं आजही टिकून आहेत. ज्यांना पत्रं वाचायला आवडतात त्यांनी इथूनच सुरुवात करावी. सोबतची सॅम्युअल ॲडम्स बॉस्टन लेगर (५ टक्के) जॉन यांच्या दूरच्या चुलतभावाच्या नावाची, खरपूस गोडसर, आणि मिळायला सर्वांत सोपी.

आता कारो. ‘द पाथ टू पॉवर’ (१९८२) या पहिल्या खंडात वीज नसलेल्या टेक्सास हिल कंट्रीतल्या बायकांवर एक प्रकरण आहे. खोल विहिरीतून पाणी शेंदायचं, वाहून आणायचं, ऐन उन्हाळ्यात लाकडाच्या चुलीवर लोखंडी इस्त्र्या तापवून घरादाराच्या कपड्यांना इस्त्री करायची. पाणी वाहून वाहून त्यांचे खांदे वाकले होते. कारो पत्नीसह त्या भागात राहायला गेले, म्हणून त्या बायका त्यांच्याशी बोलल्या. मग १९३९ मध्ये तिथे दिवे लागतात. ते आणण्यासाठी धडपडणारा तरुण खासदार तोच, ज्याची सत्तेची भूक पाहून आपण वैतागलेलो असतो. एका माणसाबद्दल कृतज्ञता आणि चीड एकाच वेळी वाटायला लावणारं दुसरं राजकीय चरित्र मी वाचलेलं नाही.

मग आधी हेच का नको? कारण चार खंड होऊनही काम अपुरं आहे. २०१२ चा चौथा खंड १९६४ च्या सुरुवातीलाच थांबतो, व्हिएतनाम युद्धाचा भडका पुढेच राहतो. वर्षभर चिकाटीने वाचायची तयारी हवी.

‘द पाथ टू पॉवर’सोबत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या लाइव्ह ओक ब्रुअरीची पिल्झ. मध्य टेक्सासात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक शेतकरी येऊन वसले, त्यामुळे हा चेक धाटणीचा, स्वच्छ कडवट पिल्सनर तिथे उपरा वाटत नाही. टेक्सासबाहेर तो मिळणं कठीण. तेव्हा शायनर बॉक चालेल, पण तिची सौम्य चव या पुस्तकापुढे फिकी पडते.

पहिला खंड १९४१ च्या सेनेट निवडणुकीतल्या पराभवापाशी संपतो, त्यामुळे तो एकटाही वाचता येतो. पुढे जायचं तर थेट सेनेटवरचा तिसरा खंड उचला. ८७ मतांनी जिंकलेल्या १९४८ च्या वादग्रस्त निवडणुकीचा दुसरा खंड मागाहून वाचला तरी चालतो.