सेकंडहँड कॅमेरा घेताय? शटर काउंट स्वतः काढून बघा

६२,५०० रुपये. ५,००० टोकन म्हणून आधी, उरलेले ५७,५०० दादर स्टेशनबाहेर उभ्या उभ्या यूपीआयने. त्याच रात्रीपासून कॅमेरा विकणाऱ्या त्या माणसाचा फोन बंद.

मी नाटकांचे फोटो काढते. प्रयोगात फ्लॅश चालत नाही, उजेड जेमतेम, म्हणून फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा हवा होता. नवा परवडत नव्हता. निकॉन डी७५० २०१४ चा असला तरी आयएसओ ६४०० ला, म्हणजे कमी उजेडासाठी संवेदनशीलता खूप वाढवली तरी, आजही चांगला फोटो देतो, सोबत २४-१२० लेन्स. निवड अगदी बरोबर होती, हे मी आजही ठासून सांगते.

जाहिरातीत शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, १४,२०६, पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदला जातो, म्हणून मी त्या कॅमेऱ्यातल्या फोटोची मूळ जेपेग फाइल मागितली होती, डॉक्युमेंट म्हणून पाठवा असंही सांगितलं होतं, कारण एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोतली माहिती गळून जाते. ‘ताई, कार्ड फॉरमॅट झालंय, भेटल्यावर बघा ना.’ भेटल्यावर मी पर्समधून माझं कार्ड काढलं, तर त्याने कॅमेरा मागे घेतला. ‘बाहेरचं कार्ड नको, एरर येतो.’ तिथेच मागे फिरायला हवं होतं! कार्ड घालू न देणारा विकणारा काहीतरी लपवतोच. पण डोक्यावर पाऊस, चारी बाजूंनी गर्दी, ‘माझी गाडी सुटेल’ म्हणून त्याची घाई. स्क्रीनवर फोटो व्यवस्थित दिसत होते. माझ्या जागी कोणीही असतं तरी पैसे दिले असते.

घरी पहिलाच फोटो काढून एक्झिफ, म्हणजे फोटोत दडलेली ती माहिती, उघडला. २,११,३८४! निकॉनने या शटरची चाचणी दीड लाखापर्यंतच घेतलेली आहे. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या पुढे नेला की फोटोच्या वरच्या कडेला काळा पट्टा येतो. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारला, तर आतल्या काचेवर कडेकडेने पांढरे तंतू. बुरशी. दुरुस्तीचे १९,००० सांगितलेत. टॉर्च खिशात असतोच, भेटल्या जागीच मारा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘मॅडम, बघूनच घेतलात ना? मग हा दिवाणी मामला.’ खोटा आकडा दाखवून माल विकणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, असं म्हटलं, तर ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. रेल्वे पोलीस म्हणाले, स्टेशनच्या बाहेर घडलं, आमची हद्द नाही. बँकेने तक्रार क्रमांक दिला आणि विषय मिटवला. ज्या खात्यात पैसे गेले ते माझ्या मोबाइलवर दिसतंय, नावासकट, आणि एकालाही ते उघडून बघावंसं वाटत नाही! मग या लोकांनी घाबरायचं कुणाला?

कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये काउंट फोटोत येत नाही, तिथे सर्व्हिस सेंटरला नेऊनच व्यवहार करा. मूळ बिलावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबरशी जुळवा. टोकन तर देऊच नका.

काल तीच जाहिरात, तोच स्क्रीनशॉट, दुसऱ्या नावाने पुन्हा लागली आहे. या वेळी किंमत ५९,०००.